कोरडी नाली कशासाठी?

प्रश्न : आम्ही बोथचे. चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला जायचं, हा आमच्या घरचा नेम. आदिलाबादहून कोरपना, गडचांदूर, राजुरा असा आमचा रस्ता. राजुऱ्याच्या आसपास कोळसा खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर दिसतात. यंदा चहाला थांबलो तेव्हा सहावीतला मुलगा म्हणाला, "बाबा, त्या डोंगराच्या पायथ्याला केवढी लांब नाली खणून ठेवलीय, आणि तिच्यात थेंब नाही. कशाला खणली?" मी म्हटलं, पावसाचं पाणी जायला. तर म्हणतो, "नाली नसली तरी पाणी उताराने जाणारच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरी शंका माझी. तेलंगणा सरकारच्या मिशन काकतीयच्या वेळी आम्ही तलावाचा गाळ ट्रॅक्टरने आणून शेतात पसरला आणि कापूस चांगला झाला. मग खाणीचा गाळ शेतात आला की लोक भरपाई का मागतात? गाळ तो गाळच ना?
– एक वाचक, बोथ (जि. आदिलाबाद)

उत्तर : मुलाचं म्हणणं बरोबर आहे. पाणी उताराने जाणारच, त्याला नाली लागत नाही. ते आपल्या मनाने जाऊ नये, आपण म्हणू तिथे जावं आणि जाताना रमतगमत जावं, यासाठी ती नाली असते. खाणीवरची माणसं तिला 'गारलँड ड्रेन' म्हणतात. ढिगाऱ्याच्या गळ्यात हार घालावा तशी ती चहूबाजूंनी फिरते, म्हणून गारलँड. नाव फुलांचं आणि काम चिखलाचं.

आधी त्या डोंगराविषयी. राजुरा तालुक्यात सास्ती, पोवनी, गोवरी या उघड्या खाणी आहेत. उघड्या म्हणजे बोगदा न खणता वरची जमीन सोलून कोळशापर्यंत जायचं. सोलताना निघतं ते सगळं, म्हणजे वरची काळी माती, तिच्याखालचा मुरूम आणि चिकणमाती, त्याच्याखाली पिवळसर-तांबूस वालुकाश्म, ज्याला भूवैज्ञानिक नागपूरजवळच्या कामठीचं नाव देतात. खाणीतल्या भाषेत या सगळ्याला 'ओबी' म्हणतात, ओव्हरबर्डनचं लघुरूप. डंपरमागून डंपर रिकामे होतात आणि ओबीचा डोंगर उभा राहतो. खरा डोंगर आणि हा डोंगर यांत एक मोठा फरक आहे. तुमच्या बोथच्या टेकड्यांवर सागाची मुळं आहेत, पालापाचोळा आहे, हजारो पावसाळे खाऊन घट्ट झालेली जमीन आहे. ओबीचा डोंगर म्हणजे नुकतं चाळलेलं पीठ. पहिली जोराची सर आली की त्याच्या अंगावर बोटाएवढ्या घळी पडतात, दुसऱ्या सरीत त्या हाताएवढ्या होतात आणि श्रावणापर्यंत त्यांत माणूस उभा राहील.

पाणी गढूळ होणं हा काही गुन्हा नाही. पावसाळ्यात पोचेराच्या धबधब्याचं पाणीही चहाच्या रंगाचं होतं आणि तिथे कुणी खाण खणलेली नाही. उघड्या ओबीवरून येणाऱ्या पाण्यात मात्र लिटरमागे हजारो मिलिग्रॅम माती असू शकते. ओढ्यात किंवा नदीत सोडायच्या पाण्यासाठी भारतातली मर्यादा आहे लिटरमागे १०० मिलिग्रॅम तरंगता गाळ. शंभर मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. हजारोंवरून शंभरावर आणायचं, तेही मुसळधार पावसात. ही सगळी खटपट त्यासाठी आहे.

खटपटीची पहिली पायरी नालीच्याही आधी येते आणि ती तुम्हाला रस्त्यावरून दिसणार नाही. खाणीच्या वरच्या अंगाला शेतं आणि रानं असतात. तिथून येणारं पाणी तुलनेने स्वच्छ असतं. ते खाणीत शिरूच द्यायचं नाही, वरच्यावर चर खणून बाजूने काढून द्यायचं. चांगल्या पाण्याची आणि मळक्या पाण्याची सोयरीक एकदा झाली की सगळंच मळकं, आणि मग ते सगळं निवळत बसायचा खर्च आपल्या गळ्यात. माझ्या मते खाणीवरच्या पाण्याच्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच. जलसंधारणात 'माथा ते पायथा' म्हणतात, म्हणजे पाण्याला आधी माथ्यावर गाठायचं आणि मग खाली यायचं. इथे नियम तोच, फक्त हेतू उलटा. शेतात पाणी मुरवायला चर खणतात, इथे पाणी चुकवायला.

या वरच्या चराचा संबंध जिवाशीही आहे. २६ सप्टेंबर १९९५ च्या रात्री धनबादजवळच्या गजलीटांड खाणीत शेजारच्या कतरी नदीचं पुराचं पाणी घुसलं आणि ६४ कामगार आत बुडाले. ती भुयारी खाण होती. पण बाहेरचं पाणी बाहेरच ठेवायचं, हा धडा उघड्या खाणीलाही तेवढाच लागू आहे. वर्धा आणि पैनगंगेच्या काठच्या खाणींना तर जास्तच, कारण या नद्या भरल्या की काठ सोडून किती लांब येतात हे तुमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

आता मुलाने पाहिलेली नाली. तिच्याआधी ढिगाऱ्याकडे नीट पाहायला सांगा. तो एका उतारात सरळ खाली येत नाही, पायऱ्यांनी येतो. खाणीवाले त्यांना 'बेंच' म्हणतात. पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांहून जास्त नको, असं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. प्रत्येक पायरीचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला तर पाणी धबधब्यासारखं खालच्या पायरीवर कोसळेल. म्हणून तळ किंचित आत, डोंगराच्या बाजूला उतरता ठेवतात. पाणी आत येतं, पायरीच्या कडेने आडवं चालतं आणि दगड रचलेल्या ठरावीक जागेवरून खाली उतरतं.

एवढा आटापिटा का? वाहत्या पाण्याचा एक हिशेब आहे, विल्यम हॉपकिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेला. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन दुप्पट होत नाही, चौपटही नाही, चौसष्टपट होतं. उलटं वाचा : वेग निम्मा केला की पाण्याची ताकद चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. नाल्यात अनगड दगडांचा बांध घालणारा गावकरी हे गणित न शिकता वापरत असतो. खाणीच्या नालीतही ठरावीक अंतरावर दगडांचे असे छोटे बांध घालतात. पाणी दगडांच्या फटींतून झिरपत पुढे जातं आणि जाड वाळू मागे बसते.

नालीच्या शेवटी मुलाला एखादा पसरट खड्डा दिसला असेल तर तो खाणीवरचा 'सेटलिंग पाँड', आपण निवळ-तळं म्हणू. तो किती मोठा हवा? हिशेब सोपा आहे, मुलाला करू द्या. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्याकडचा एक मोठा टँकर. समजा ढिगारा २५ हेक्टरांचा आहे आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला. तुमच्याकडे जुलैत असे दिवस येतात. २५ गुणिले १००, म्हणजे अडीच हजार टँकर. त्यातलं निम्मं जिरलं असं धरा. उरलेले साडेबाराशे टँकर एका दिवसात त्या खड्ड्याच्या तोंडाशी येणार. पन्नास वर्षांच्या नोंदींतला अचानक येणारा मोठ्यात मोठा पाऊस धरायचा आणि त्यावर आणखी पन्नास टक्के जागा राखायची, अशी अट मंजुरीत बहुधा असते. साडेबाराशेवर सव्वासहाशे धरा. तीन मीटर खोल खणलं तरी तळ्याला दीड एकर जागा लागते. एका ढिगाऱ्यासाठी.

पण पाणी मावलं म्हणजे निवळलं असं नाही. इथून पुढचा भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो. मातीचा कण पाण्यात किती वेगाने खाली जातो, हे त्याच्या आकारावर ठरतं. जाडीच्या नव्हे, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. कण दहापट बारीक झाला की खाली बसायला शंभरपट वेळ. बारीक वाळूचा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण मीटरभर पाणी दोनेक मिनिटांत उतरतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा पोयट्याचा कण पावणेतीन-तीन तास घेतो. आणि चिकणमातीचा कण, मिलिमीटरचा पाचशेवा भाग, तेवढंच मीटरभर अंतर उतरायला जवळजवळ तीन दिवस लावतो. तेही पाणी अगदी स्तब्ध असलं तर. वारा सुटला, मागून नवं पाणी आलं की त्याचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून.

मग तळं खोल करावं? सहज मनात येतं तसं, पण उत्तर नाही असं आहे. अमेरिकन अभियंता ॲलन हेझन याने १९०४ मध्ये दाखवलं की वाहत्या पाण्यातला गाळ किती बसेल हे तळ्याच्या खोलीवर नाही, पसाऱ्यावर ठरतं. खोल तळ्यात पाणी जास्त वेळ थांबतं हे खरं, पण कणालाही तेवढंच जास्त खाली जावं लागतं. दोन्हींची वजाबाकी होते. खोली हवी ती बसलेल्या गाळाला जागा म्हणून. निवळायला हवा पसारा. आपल्या त्याच २५ हेक्टरांवर तासाला १५ मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर पोयट्याचा कण बसवायला सव्वा एकराच्या आसपास पृष्ठभाग पुरतो. चिकणमातीचा कण बसवायचा तर तीस एकरांच्या वर. म्हणजे २५ हेक्टरांच्या ढिगाऱ्यासाठी जवळजवळ त्याच्या निम्म्या आकाराचं तळं. कुणी खणणार नाही.

तळ्याची आखणीही महत्त्वाची. पाणी एका तोंडातून शिरून समोरच्या तोंडातून सरळ पळालं, तर अर्धं तळं नुसतं शोभेला. म्हणून ते रुंदीपेक्षा लांब ठेवतात, आत आडव्या भिंती घालून पाण्याला वळणं घ्यायला लावतात आणि एकाऐवजी दोन-तीन तळी ओळीने काढतात. पहिल्यात वाळू, दुसऱ्यात पोयटा, तिसऱ्यात जमेल तेवढी चिकणमाती.

जी जमत नाही तिचं काय? तिथे आपल्या आज्या-पणज्यांनी केलं तेच करतात. माठातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची. चिकणमातीच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. तुरटी तो भार मोडते, कण गोळा होऊन त्यांचे पुंजके बनतात आणि पुंजका जाड असल्याने भराभर खाली बसतो. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत हेच होतं, खाणींतही गरज पडेल तिथे तुरटी किंवा तिच्या जातीची दुसरी रसायनं घालतात. तुरटीच्याही आधी आपल्याकडे निवळीचं बी होतं. दगडावर घासून ते पाण्यात कालवायचे. 'पाणी निवळणं' या शब्दाशी नाव जोडलं गेलेलं हे झाड दख्खनच्या पानझडी रानांतलंच आहे. तेलुगूत त्याच्या बियांना चिल्ल गिंजलु म्हणतात.

इथवरचं सगळं कागदावर फार चांगलं दिसतं. खरी गोष्ट मे महिन्यात कळते. गाळ बसवणं हेच नालीचं आणि तळ्याचं काम, त्यामुळे नीट चाललेली नाली दरवर्षी भरतेच. मृगाच्या आधी ती उपसली नाही, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी नालीला न जुमानता वरून जातं. जाताना गेल्या वर्षी बसलेला गाळही उकरून घेऊन जातं. न उपसलेली नाली नसलेल्या नालीपेक्षा वाईट, असं मी म्हणतो ते यासाठी. आणि उपसलेला गाळ नालीच्याच काठावर टाकून ठेवला, तर तो पुन्हा आत यायला एक रात्र पुरते. खाणीचा अहवाल कपाटात वाचू नये, मेच्या शेवटच्या आठवड्यात नालीत उतरून वाचावा. म्हणून तुमच्या मुलाला चैत्रात ती नाली कोरडी आणि रिकामी दिसली, ही चांगली खूण आहे. चैत्रात ती गाळाने अर्धी भरलेली दिसली असती तर काळजी करायची.

आता तुमची शंका. तलावातला गाळ म्हणजे तुमच्याच शिवारातली वरची माती. वर्षानुवर्षं पावसाने धुऊन नेलेली, पानं, शेण, काडीकचरा कुजून त्यात मिसळलेला. मिशन काकतीयमध्ये तुम्ही तो परत आणला, महाराष्ट्रात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या नावाने हेच झालं. ते घरचं धन घरी आणणं होतं. खाणीचा गाळ जमिनीखाली दहा-वीस-पन्नास मीटरवरून येतो. तिथे कधी मूळ पोचलेलं नाही, गांडूळ पोचलेलं नाही. तो दगडाचा भुगा आहे, माती नव्हे. त्यात पिकाला खायला काही नाही आणि बारीक असल्यामुळे तो शेतात पापुद्र्यासारखा बसतो, वाळला की कडक होतो, खाली हवा आणि पाणी जाऊ देत नाही. म्हणूनच खाण सुरू करताना वरची काळी माती वेगळी काढून वेगळी साठवायची आणि पुढे ढिगाऱ्यावर झाडं लावताना तीच वापरायची, असा नियम आहे. ती ओबीत मिसळली गेली की पुन्हा निवडून काढता येत नाही.

आपल्या मुलखाबाहेर याचं सगळ्यांत ढळढळीत उदाहरण गोव्याचं. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी. टनभर खनिजासाठी अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागत. पाऊस तुमच्या जवळजवळ तिप्पट, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. माती तांबडी, चिकण, डोंगर तीव्र उताराचे आणि खाली लगेच भातशेती. ना काठावर मोकळी जागा, ना तीस एकरांच्या तळ्याची सोय. पावसाळ्यात मये, पिसुर्ले या बाजूच्या शेतांत लाल पाणी शिरायचं आणि भाताच्या रोपांवर लाल थर बसायचा. भरपाई हा शब्द तिथे घराघरांत का पोचला, हे यावरून कळेल. उपाय तिथेही हेच : ढिगाऱ्याच्या पायथ्याशी चिऱ्यांच्या भिंती, निवळ-तळी, जुन्या खड्ड्यांत पाणी साठवणं, आणि उतारांवर नारळाच्या काथ्याची जाळी. ही जाळी मला फार आवडते. ती दोन-तीन पावसाळे माती धरून ठेवते, तोवर खाली गवत रुजतं आणि मग जाळी स्वतः कुजून त्याच गवताला खत होते.

गोव्यात आणखी एक गोष्ट कळली. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने ती अटींवर उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चपासून पुन्हा सगळं थांबलं. खाणी थांबल्या, पाऊस कुठे थांबतो? ढिगारे तिथेच राहिले, खड्डे तिथेच राहिले, पंप मात्र बंद पडले आणि नाल्या उपसायला माणूस उरला नाही. पाणी अडवण्याची जबाबदारी खाण बंद झाली त्या दिवशी संपत नाही, पण पगार संपतो. आदिलाबादजवळचा बंद पडलेला सरकारी सिमेंट कारखाना तुम्ही पाहिला असेल. अशा कारखान्यांमागे चुनखडीची खाण असतेच, आणि बंद कारखान्याच्या गेटपेक्षा त्या खड्ड्याकडे पावसाळ्यात कोण लक्ष ठेवतं, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

खाणीतलं पाणी नेहमी वाईटच असतं असं मात्र समजू नका. नागपूर जिल्ह्यातल्या पाटणसावंगीच्या कोळसा खाणीतून उपसलेलं पाणी शुद्ध करून वेस्टर्न कोलफिल्ड्सने 'कोल नीर' नावाने बाटल्यांत भरून विकलं आहे. भुयारात झिरपलेलं पाणी बरंचसं निवळलेलं असतं. चिखल होतो तो पावसाचा आणि उघड्या मातीचा.

मुलासाठी एक काम. काचेच्या तीन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत ओढ्यातली वाळू, दुसरीत मुरूम, तिसरीत तुमच्या कापसाच्या शेतातली काळी माती, प्रत्येकी दोन-दोन चमचे. पाणी भरून, झाकण लावून खूप हलवा आणि खिडकीत ठेवा. मी हे आमच्या घरी केलं होतं. वाळूची बाटली चहा गाळेपर्यंत स्वच्छ झाली, मुरमाची दुपारी जेवणं होईपर्यंत बऱ्यापैकी निवळली, काळ्या मातीची तिसऱ्या दिवशीही अशी की पलीकडे ठेवलेल्या वर्तमानपत्राचं मोठं अक्षरसुद्धा दिसेना. बोरिंगचं जड पाणी घेतलंत तर ती लवकर निवळेल, म्हणून शक्यतो पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या. मग काळ्या मातीची आणखी एक बाटली करा आणि तिच्यात चिमूटभर तुरटीची पूड टाका. आठवडी बाजारात जडीबुटीवाल्याकडे चिल्ल गिंजलु मिळाल्या तर एक बी दगडावर उगाळून पाचव्या बाटलीत. ते पाणी कुणी प्यायचं नाही, फक्त घड्याळ लावून बघायचं. तुरटी आधी निवळते की निवळी, ते आम्हालाही कळवा.